नांदेडची पूड

अप्पांना भेसळ जिभेवर कळायची. मिऱ्यात मिसळलेलं पपईचं बी, केशरात घातलेली करडईची पाकळी, ज्येष्ठमध म्हणून आलेली गुंजेची मुळी, असलं काही त्यांच्यापुढे टिकत नसे. व्यापारी पोतं घेऊन दुकानात आला की अप्पा त्याला आधी बसायला सांगत, पाणी देत, आणि मग पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल वर काढत. वरचा माल ते बघतच नसत. "वर समदेच चांगलं ठेवतेत," एवढंच म्हणत. मुळी मोडताना तिचा आवाज ऐकत, मोडल्या जागी नाक लावत आणि एक तुकडा दाढेखाली धरून डोळे मिटून बसत. त्या वेळी दुकानात कुणी बोलायचं नाही. डोळे उघडून त्यांनी मान हलवली तर पोतं आत जायचं, नाही तर व्यापारी निमूटपणे त्याचं तोंड शिवून ते पुन्हा हातगाड्यावर टाकायचा. गोलाईतले, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेतले, दुसरे दुकानदारसुद्धा शंका आली की मालाची मूठ रुमालात बांधून अप्पांकडे पाठवत. अप्पा चाखून सांगत आणि त्याबद्दल एक कप चहासुद्धा घेत नसत.

आमचं काष्ठौषधींचं दुकान लातुरात गोलाईतून आत जाणाऱ्या एका बोळात होतं आणि दुकानामागेच घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मधे फरशीचं अंगण, वर पत्रे. पत्र्यांवर बारा महिने काहीतरी वाळत असायचं, कधी हिरडा, कधी गुळवेलीचे तुकडे, कधी अडुळशाची पानं. त्या वासातच आम्ही जेवायचो आणि झोपायचो. शाळेत मुली मला वेखंड म्हणायच्या. मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे, कारण मला स्वतःला तो वास येतच नव्हता. आमचं मूळ उदगीरकडचं, कर्नाटकाच्या सीमेजवळचं, म्हणून वडिलांना आम्ही अप्पा आणि आईला अव्वा म्हणायचो. अव्वाचं माहेर नांदेडचं. ती सकाळी लिंगपूजा आटोपून कपाळाला विभूती लावून जी सुपं घेऊन बसायची ती दुपारपर्यंत. दुकानाचं निवडणं-पाखडणं सगळं तिच्याकडे. स्वयंपाक आत्याचा. गौराआत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. तिला देवणीकडे दिली होती, पण नवरा लवकर गेला आणि मूलबाळ नव्हतं, म्हणून अप्पा तिला कायमची घरी घेऊन आले. तिच्या हातची येसराची आमटी मी नंतर कुठेच खाल्ली नाही. मी करते ती तशी होत नाही, हे माझी सूनही मला सांगते.

आत्याचे सांधे मी शाळेत असतानाच धरायला लागले होते. आधी सकाळी उठल्यावर बोटं वळायची नाहीत, थोड्या वेळानं मोकळी व्हायची. मग मोकळी व्हायला दुपार लागू लागली. मनगटं सुजली, गुडघे सुजले. भाकरी थापताना ती मधेच थांबायची आणि पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून चुलीकडे बघत राहायची. शेवटी भाकरी अव्वाकडे आल्या. अव्वाच्या भाकरी जाड व्हायच्या, पण त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. अप्पांनी स्वतःच्या दुकानातलं सगळं करून पाहिलं. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, सुंठ-एरंडेल झालं, रास्नेचा काढा झाला. थोडं बरं वाटायचं, पुन्हा तेच. "गुण हाय पण लई हळू हाय," आत्या म्हणायची. तक्रार करायची तिला सवय नव्हती. आंघोळीला मात्र तिला माझा हात धरून जावं लागायचं आणि त्याची तिला लाज वाटायची.

बसवराजमामा नांदेडहून पूड घेऊन आला तो ह्या सुमाराला. मामा अव्वाचा धाकटा भाऊ, हसतमुख, अंगानं भरलेला, आला की घरातला आवाज वाढायचा. नांदेडला जुन्या मोंढ्याजवळ त्याचं किराण्याचं दुकान होतं आणि अलीकडे त्यानं सांधेदुखीची पूड बनवायला सुरुवात केली होती. गुग्गुळ, रास्ना, निर्गुडी, सुंठ, कडू चिराईत, अशी नावं त्यानं सांगितली. अप्पांनी रीतीप्रमाणे चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि मान हलवली. "चिराईत जरा जास्त पडलंय. बाकी बरोबर हाय," ते म्हणाले. मामानं सांगितलेली सगळी नावं त्या पुडीत खरोखरच होती.

आत्यानं ती दुधातून घ्यायला सुरुवात केली आणि आठवडा उलटायच्या आत एका सकाळी मला जाग आली ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. मी धावत स्वयंपाकघरात गेले. आत्या चुलीपुढे मांडी घालून बसली होती. मांडी घालून. माझ्याकडे बघून म्हणाली, "कांते, मीठ दे बरं इकडं." अव्वा दारात उभी राहून पदर तोंडाला लावून बघत होती. त्या दिवशी आत्यानं येसर केलं, धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि दुपारी अंगणसुद्धा स्वतः झाडलं. आपल्या माहेरच्या माणसानं नणंदेला उभं केलं ह्याचा आनंद अव्वाला इतका झाला होता की पुढचे कितीतरी दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होती.

आत्याला बघून शेजारणींनी पूड मागितली. शेजारणींच्या माहेरी गेली, माहेरून बाजाराला गेली. मग औशाहून, चाकूरहून, पार देवणीहून माणसं यायला लागली. भिंत धरून येणारी माणसं पुढच्या खेपेला हात सोडून यायची. अप्पांना ह्याचं समाधान होतं, ते तोंडावर दिसायचं. एरवी गिऱ्हाइकाला ते मुळ्या द्यायचे आणि घरी कुटून घ्यायला सांगायचे. ही पूड मात्र तयार यायची, आम्ही कागदाच्या पुड्या बांधायचो. पुड्या बांधायचं काम माझं आणि अव्वाचं. माझी बारावीची परीक्षा झाली होती आणि निकालाची वाट बघण्यापलीकडे मला उद्योग नव्हता.

आत्याची तब्येत सुधारली असं सगळे म्हणत. चेहरा भरला, गाल वर आले, रंग लाल झाला. तिला भूकही लई लागायची, जेवून तासाभरानं पुन्हा भाकरीचा तुकडा घेऊन बसायची. पण मी तिच्या केसांना तेल लावायची तेव्हा मला वेगळं दिसायचं. चेहरा गोल आणि दंड मात्र वाळलेले. मानेमागे उंचवटा आलेला. बांगडी जरा आपटली तरी मनगटावर निळा डाग पडायचा आणि तो जायचा नाही. मी अव्वाला दाखवलं. अव्वा म्हणाली, "उन्हाळा हाय, रक्त पातळ झालं आसंल." आत्या स्वतः हसायची. "दुखत न्हाई ना, मग डाग राहू दे," म्हणायची. तिचं बरोबरच होतं. दुखत असलेल्या माणसाला डागांचं काय.

आजही माझ्या दुकानात लोक मोबाईल पुढे करतात. परवाच चाकूरकडचं एक तरुण जोडपं आलं होतं. घरपोच मागवलेली बरणी, झाकणाला सील, वर हिरवं पान आणि शंभर टक्के नैसर्गिक अशी अक्षरं. आजीला फार गुण आला, तुमच्याकडे स्वस्त मिळेल का, असं विचारत होते. मी त्यांना एवढंच विचारलं, आजीचा चेहरा गोल झालाय का. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न मी कुठे शिकले, तेच इथे लिहिते आहे.

पावसाळा लागला आणि नांदेडहून येणारी पूड थांबली. मामाचा निरोप आला की माल अडकलाय, थोडी कळ काढा. पुड्या संपल्या. आत्यानं आपली शिल्लक आधीच एका गिऱ्हाइकाला देऊन टाकली होती. बाई फार लांबून आली होती, रिकामी कशी पाठवायची, असं तिचं म्हणणं. चार-दोन दिवस बरे गेले. मग तिला ताकद वाटेना. सांधे दुखायला लागले ते तर अपेक्षितच होतं, पण हे वेगळं होतं. बसलं की उठवेना, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा पोटात ठरेना. दुपारी मी तिला कूस बदलायला हात दिला तर तिचा हात थंडगार होता आणि ती मला अव्वाच्या नावानं हाक मारत होती. अप्पांनी दुकान तसंच उघडं टाकलं आणि रिक्षा आणली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. मग आत्याचा चेहरा निरखून बघितला, बाही वर सरकवून डाग बघितले, मानेमागे हात फिरवला.

"काय औषध चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"इंग्रजी कायीच न्हाई," अप्पा म्हणाले. "झाडपाल्याचं हाय फक्त. माझ्याच दुकानातलं हाय, शुद्ध."

"कधीपासून बंद आहे?"

अप्पा गोंधळले. औषध बंद असल्याचं त्यांनी सांगितलंच नव्हतं. "माल आला न्हाई म्हणून बंद हाय," ते म्हणाले. "तुमाला कसं कळलं?"

बाईंनी आधी नर्सला सलाईन आणि सुई सांगितली. सुई दिल्यावर अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, ते मीही ऐकलं. "तुमच्या पुडीत स्टिरॉइड आहे असं मला वाटतं. आपलं शरीर तसलं औषध स्वतः थोडंथोडं बनवत असतं. बाहेरून रोज मिळायला लागलं की आतलं काम थांबतं. मग बाहेरचं एकदम तुटलं की माणूस असा पडतो. आत्ता दिलेली सुई त्याच औषधाची आहे. ह्या सुईनं त्या उठल्या, तर तुम्हीच काय ते समजा."

"आन न्हाई उठली तर?"

"तर माझं चुकलं. मग दुसरं काही शोधू."

अप्पांना राग आला होता. त्यांच्या दुकानातल्या वस्तूला असं आजवर कुणी बोललं नव्हतं. ते बाकावर जाऊन बसले आणि गळ्यातलं लिंग मुठीत धरून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत राहिले. मी आत्याजवळ उभी होते. दिवे लागायच्या सुमाराला तिच्या हातात ऊब आली. तिनं डोळे उघडले, मला नीट ओळखलं, आणि चहा मागितला. मी अप्पांना सांगायला गेले. ते झटक्यानं उठले, दोन पावलं आले आणि वाटेतच थांबले. बहीण वाचली म्हणून त्यांचं तोंड उजळलं होतं, आणि ती कशानं वाचली हे लक्षात येताच ते माझ्यासमोर उतरत गेलं. आमच्या बोळात अप्पांनी नको म्हटलेलं पोतं कुणी घेत नसे. त्या माणसानं ही पूड कितीतरी वेळा चाखली होती.

त्या रात्री एका शेजारणीला आत्याजवळ बसवून घरी आल्यावर अप्पांनी अव्वाला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. शेवटी अप्पा म्हणाले, "डॉक्टरबाई म्हणतेत की पूड कुठून आली ते सांगा, सरकारी माणसं बघतील. नाव सांगू का?"

"मला इचारू नका," अव्वा म्हणाली. "इचारलात तर मी न्हाई म्हणीन."

अप्पांनी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नांदेडला निघालो, अप्पा आणि मी. अव्वाला नेण्याचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "कांताला न्या. मी आले तर कुणाकडून बोलू?" अहमदपूर गेलं, लोहा गेलं, अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. एकदाच माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला ती पूड कडू लागली का ग कधी?" मी म्हटलं, चिराईत होतं ना त्यात. ते म्हणाले, "हाव. चिराईत होतं. त्याच्याखाली दुसरं कडू कळत न्हाई."

मामा घरीच होता. मामीनं पाट मांडले, पाणी दिलं. मागच्या खोलीत पिंपं दिसत होती आणि तोच ओळखीचा वास येत होता. अप्पांनी आत्याचं काय झालं ते सांगितलं. मामा मनापासून हळहळला, ते नाटक नव्हतं. मग अप्पांनी विचारलं, "बसवराज, पुडीत काय हाय?"

"दाजी, गुग्गुळ हाय, सुंठ हाय. तुमी सोता चाखून बघितलंय."

"त्याच्याशिवाय."

मामानं मामीला आत जायला सांगितलं. माझ्याकडे बघितलं, पण मला काही म्हणाला नाही. "हैदराबादचा एक माणूस येतो," तो म्हणाला. "डब्यात पांढरी पावडर आणतो. पोत्याला थोडीशी पडती. नुसत्या झाडपाल्यानं गुण येत नव्हता दाजी, लोक पुना येत नव्हते. ती घातल्यापासून यायलेत. आता तो माणूसच आला न्हाई, म्हणून माल अडकला."

"नाव काय तिचं?"

"मी इचारलं न्हाई."

"का इचारलं न्हाईस?"

मामाचा आवाज चढला. "गुण येत होता म्हणून. दवाखान्यात पण तेच देतेत म्हणता ना तुमी? मग डॉक्टरनं दिलं की औषध आन मी दिलं की इख, आसं कसं? वन्सबाई किती वर्षं उठून बसल्या नव्हत्या, माझ्या पुडीनं बसल्या."

गौराआत्या अव्वाची नणंद, म्हणून अव्वासारखाच मामाही तिला वन्सबाई म्हणायचा.

"बसली," अप्पा म्हणाले. "पण डॉक्टर देतो तवा काय देतो ते त्याला ठाव असतंय. किती द्यायचं, कवा थांबायचं, ते ठाव असतंय. मला काय ठाव होतं? मी झाडपाला म्हणून दिलं. लोकांनी माझ्या जिभेवर भरोसा ठेवला."

"तुमी काय करणार आता?"

"ज्याला-ज्याला दिली त्याला सांगणार. आन डॉक्टरबाईला तुझं नाव सांगणार. ते तुला तोंडावर सांगावं म्हणून आलोय."

मामानं मान खाली घातली. मामीनं मधल्या वेळात स्वयंपाक केला होता. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वरून कच्चं तेल. मला वाटलं अप्पा उठतील. पण ते जेवले, सावकाश, नेहमीसारखे. उठून गेले असते तर ते अव्वाला सांगावं लागलं असतं. मामासुद्धा समोर बसून जेवला. जेवताना मामी मला पुन्हापुन्हा भाजी घेण्याचा आग्रह करत होती.

डॉक्टरबाईंनी अप्पांना बजावून सांगितलं होतं की पूड एकदम बंद झालेली माणसं धोक्यात आहेत, त्यांना नुसतं थांबा म्हणून भागणार नाही, जवळच्या डॉक्टरकडे जाऊन हळूहळू कमी करावं लागेल. त्यांनी औषधाचं नाव एका कागदावर लिहून दिलं. मी त्याच्या चिठ्ठ्या केल्या, गिऱ्हाइकानं आपल्या डॉक्टरला दाखवण्यासाठी. पण द्यायच्या कुणाला? अप्पांना गावं आठवत, चेहरे आठवत, कुणाचा कोणता गुडघा दुखत होता ते आठवत असे, नावं मात्र फार थोड्यांची. म्हणून आम्ही ज्या गावचा बाजार असेल त्या गावी जायला लागलो. अप्पा बाजाराच्या तोंडाशी उभे राहत. ओळखीचं माणूस दिसलं की पुढे होऊन सांगत, मग त्याच्या गावात आणखी कुणी नेलीय का ते विचारत. प्रतिसाद निरनिराळे होते. कुणाला वाटलं भाव वाढवायचा असेल म्हणून हे नाटक. कुणी म्हणालं, तुमच्याकडे नसेल तर नांदेडचा पत्ता द्या, आम्ही आणतो. एका बाईनं चिठ्ठी घेतली, नीट घडी केली, आणि तरी विचारलं की एखादी पुडी शिल्लक असेल तर बघा ना.

औशात युसूफचाचा होते, शिंपी. बसस्टँडच्या बाजूला त्यांचं मशीन. आम्ही गेलो तेव्हा ते मशीनवर नव्हते, दुकानातच सतरंजीवर आडवे होते. अप्पांनी सांगितल्यावर त्यांनी कष्टानं उठून बसत विचारलं, "अप्पा, क्या बोल रहे तुम? पाँव चलने लगे थे मेरे. अब बोलते जहर था?"

"जहर न्हाई चाचा. औषधच होतं. पण मी सांगितलं ते नव्हतं."

"तुमकू मालूम था?"

"न्हाई."

"तुमकूच मालूम नै था, तो मैं किसकू पूछता?" असं चाचा म्हणाले आणि त्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली. त्यांचा मुलगा त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन गेला. ते वाचले, पण आमच्या दुकानात पुन्हा आले नाहीत.

चाकूरपासून आत एक खेडं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंना त्यांचा मुलगा पूड न्यायचा. आम्ही विचारत-विचारत घरापर्यंत गेलो तर ओट्यावर पुरुषमंडळी बसलेली, मुलाच्या डोक्याचं मुंडण झालेलं. आई गेली होती. उलट्या झाल्या, अंग गार पडलं, दवाखान्यात न्यायच्या आधीच गेली, असं तो सांगत होता. त्यानं आम्हाला ओळखलं, बसायला घोंगडी टाकली, आम्ही सांत्वनाला आलोय असंच त्याला वाटलं. "लातूरहून आलात, लई झालं," म्हणाला आणि चहा सांगितला. मी अप्पांच्या बाहीला हात लावला. आता सांगून काय होणार होतं. पण अप्पांनी त्याला सगळं सांगितलं, माणसं ऐकत असताना, काही न वगळता. तो खाली बघत ऐकत राहिला. ओट्यावरचा एक वयस्कर माणूस म्हणाला, "वय झालतं तिचं." चहा आला. मुलानं स्वतः उचलून कप अप्पांच्या हातात दिला. अप्पांच्या हातात तो कप तसाच राहिला आणि वर साय धरली. निघताना मुलगा वेशीपर्यंत आला आणि तिथे एवढंच म्हणाला, "आमच्या गल्लीत आजून दोघं घेतेत. त्यांची घरं दाखवतो, चला."

त्या बाई पुडीनंच गेल्या का, हे मला आजही माहीत नाही. तपासायला काही उरलं नव्हतं. अप्पांनी मात्र तो प्रश्न स्वतःपुरता सोडवून टाकला होता, आणि कसा सोडवला ते त्यांच्या चेहऱ्यावर कायम राहिलं.

नांदेडला सरकारी माणसं गेली, पिंपं उचलली, मामाचं पूड बनवणं बंद झालं. कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. अव्वाला त्या दिवाळीला माहेरचं बोलावणं आलं नाही, पुढचीही काही वर्षं आलं नाही. ती अप्पांना ह्यावरून कधी बोलली नाही. फक्त दुकानाचं निवडणं तिनं सोडलं, सुपं भिंतीला टांगून ठेवली, आणि ते काम माझ्याकडे आलं. पुढे मामी आजारी पडली तेव्हा अव्वा कुणाला न विचारता पिशवी भरून नांदेडला गेली आणि महिनाभर राहून आली. आल्यावर तिनं सुपं खाली काढली.

दुकान काही काळ ओस पडलं. पुडीसाठी येणारे दुसरीकडे जाऊ लागले, कारण तसली पूड विकणारे इतरही होते, आणि आजही आहेत. अप्पांनी त्यानंतर तयार पूड, तयार गोळी, तयार तेल दुकानात ठेवलं नाही. मुळी, साल, पान, अख्खं असेल ते द्यायचं, कुणाला पूड हवीच असेल तर त्याच्या डोळ्यांदेखत खलबत्त्यात कुटायची. मी लग्नानंतर लातुरातच राहिले आणि अप्पांनंतर दुकान मी चालवते, त्यांच्याच पद्धतीनं. अश्वगंधा चांगली असते असं मी सांगते, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत तेही विचारते, कारण झाडपाला शुद्ध असला तरी सगळ्यांना चालतोच असं नाही. लोकांना हा प्रश्न आवडत नाही. औषध घ्यायला आलोय की जबानी द्यायला, असं एकानं मला विचारलं होतं.

आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. डॉक्टरबाईंनी तिला आधी तेच औषध दिलं, हळूहळू कमी करत, आणि जोडीला संधिवाताच्या दुसऱ्या गोळ्या, ज्यांच्यासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागे. चेहरा पूर्वीसारखा लहान झाला. दुखणं पुडीच्या दिवसांइतकं कधी गेलं नाही, पण काठी घेऊन ती घरातल्या घरात फिरायची. बोटं वाकडी ती वाकडीच राहिली.

माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात एका दुपारी ती अंगणात बाजेवर बसली होती. अप्पा शेजारी खाली बसून सुतळी वळत होते, मी दारात होते. ती अप्पांना म्हणाली, "अण्णा, एक इचारू का?"

"इचार की."

"पूड चालू होती तवा मी देवणीला जाऊन आले व्हते. तुमाला म्हणाले की मैत्रिणीकडं जाते, पण मैत्रिणीकडं न्हाई गेले. त्येंच्या समाधीवर गेले व्हते. एष्टीतून एकटी उतरले, मळ्यापतोर चालत गेले, बेल वाहिला, बसले जरा. त्ये गेल्यापासून कवा जमलं नव्हतं, आन आता जमायचं न्हाई." ती थांबली. "त्ये बी पुडीचंच व्हतं का? म्हंजी ते खोटंच धरायचं का मी?"

अप्पांचा हात थांबला. त्यांनी सुतळी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पाय पुडीनं चालले, गौरा. गेलीस तू."

आत्यानं मान डोलावली आणि मला प्यायला पाणी आणायला सांगितलं.